चाकांवरची पावले

चालणाऱ्या माणसाच्या अंगचा मोठा गुण कोणता, असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही म्हणू, त्याला थांबता येते. मोटार अंगावर येताना दिसली की मनात विचार येण्यापूर्वीच पाऊल मागे सरते. पायांना चाके लावली की पहिला घाला पडतो तो याच गुणावर. अठराव्या शतकात लंडनमध्ये जोसेफ मर्लिन नावाचा एक कल्पक कारागीर चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवीत एका समारंभात अवतरला; आणि वळता येईना, थांबताही येईना, म्हणून थेट एका मौल्यवान आरशावर जाऊन आदळला, अशी कथा सांगतात. आरसा फुटला, व्हायोलिन मोडले, स्वारीही जबर जखमी झाली. आमच्या घरच्या कोंकणीत घसरण्याला 'निसरप' म्हणतात. मर्लिनसाहेबांचे ते स्केटिंग नव्हते, निव्वळ निसरप होते! पुढे १८६३ मध्ये अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टनने अंग झुकविताच वळणारे चार चाकांचे स्केट बनविले. थांबण्याची विद्या मात्र आजही ज्याची त्यालाच कमवावी लागते.

ती पुरती कमावलेली नसतानाच आपल्या बडोद्यातील मुले रस्त्यावर येतात, कारण सोसायटीत दुसरी गुळगुळीत जागा नसते. गेल्या वर्षी आठवीतील आमचा एक विद्यार्थी अकोट्याकडे संध्याकाळी असाच दोन उभ्या मोटारींमधून रस्त्यावर आला आणि येणाऱ्या मोटारीची धडक त्याला बसली. मोटार फार वेगात नव्हती, असे पाहणारे सांगत. चालविणारे गृहस्थ इस्पितळात डोके धरून बसले होते. "मला वाटले, हा थांबेल," एवढेच ते गुजरातीत पुनःपुन्हा म्हणत होते. आम्हांला त्यांचा राग आला नाही. त्यांनी चालणारा मुलगा पाहिला होता. त्याच्या पायांखालची चाके पाहिली नव्हती.

मुलाच्या नडगीची दोन्ही हाडे मोडली. आश्चर्य असे की मनगटांवर साधा ओरखडाही नव्हता, कारण मनगटपट्टे त्याने न चुकता बांधले होते. हे पट्टे निरुपयोगी आहेत असे कोणी समजू नये. १९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पट्टे न बांधणाऱ्यांस मनगटाच्या दुखापतीचा संभव सुमारे दहापट आढळला होता. पण ते बनविलेले असतात पडण्यासाठी, मोटारीसाठी नव्हे. स्केटिंग करताना ओढवलेल्या मृत्यूंपैकी बहुतेक मोटारीच्या धडकेने झाले, असे तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९८ मध्ये नमूद केले आहे.

धडक म्हणजे एकच आघात, ही समजूतही खरी नाही. मोठ्या माणसाला मोटारीचा पुढचा दांडा प्रथम गुडघ्याखाली लागतो. मग देह बॉनेटवर फेकला जातो, डोके काचेवर आदळते आणि शेवटी रस्ता असतोच. लहान मुलाच्या बाबतीत तोच दांडा मांडीला किंवा खुब्याला लागतो. उंच जीपगाडी असेल तर छातीला. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो, त्यातून हाड लांब होते. तो दुखावला तर हाड सांधूनही पाय आखूड किंवा वाकडा राहू शकतो. आमच्या विद्यार्थ्याचे हाड सुदैवाने मध्यावर मोडले होते.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठी एक हिशेब. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला ११ मीटर धावते. चालकाने पाहून ब्रेक दाबेपर्यंत एखादा सेकंद जातोच. म्हणजे मोटार मंदावू लागण्यापूर्वीच तिने आपल्या वर्गाच्या लांबीहून अधिक अंतर कापलेले असते. वेग ६० झाला की आघाताची शक्ती दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. त्यात स्केटवाला सरळ जात नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाय रेटीत तो पादचाऱ्याहून कितीतरी अधिक रुंदी व्यापतो, आणि त्याच्यापाशी सायकलची घंटाही नसते. चालत्या स्कूटरला धरून ओढत नेण्याचा जो खेळ काही वीर खेळतात, त्याविषयी लिहिण्यास आमची लेखणी धजत नाही.

मोटारी आणि स्केट यांचे सख्य पाहायचे असेल तर बेळगावकडे पाहावे. तेथील रोहन अजित कोकणे या मुलाने २०११ मध्ये, अंग जमिनीलगत पसरून, ओळीने लावलेल्या मोटारींच्या खालून ३८.६८ मीटर अंतर स्केटवरून पार केले व जागतिक विक्रम नोंदविला. त्या सर्व मोटारी उभ्या होत्या.

आमच्या विद्यार्थ्याच्या पायात अजून सळई आहे. आईने स्केट माळ्यावर टाकले होते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ते खाली आले, पण रस्त्यासाठी नव्हे. आता शनिवारी शाळा सुटल्यावर प्रार्थनेच्या फरशीवर दोन तास स्केटिंग चालते. तेवढा वेळ फाटकाला कुलूप असते आणि शिक्षकांची वाहने, आमच्या जुन्या स्कूटरसह, बाहेर कडुनिंबाखाली उभी असतात.