गोंधळ कंसात जातो

विधिमंडळ सचिवालयात मी मराठी प्रतिवेदक होते. आमचं टेबल अध्यक्षांच्या आसनासमोर, म्हणजे आरडाओरड्याच्या ऐन मध्यावर. काही मिनिटांची पाळी लघुलिपीत टिपायची, दुसरीला जागा द्यायची आणि धावत जाऊन टंकायला बसायचं. त्या पानांवर ठसठशीत शिक्का: ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’.

टीव्हीवरची आमदारकी आणि त्या टेबलावरून दिसणारी आमदारकी यांत बरंच अंतर. वेलमध्ये, म्हणजे आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून घसा फाडणाऱ्याच्या वाट्याला आमच्या कागदावर एकच शब्द यायचा, तोही कंसात: (गोंधळ). मतदारसंघात मात्र त्याचाच व्हिडिओ फिरायचा. तारांकित प्रश्नाची छापील भाषा वाचायला रूक्ष असते. ‘हे खरे आहे काय, असल्यास, कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ मंत्र्यांचं उत्तरही ठरलेलं, ‘हे अंशतः खरे आहे.’ खरी मजा नंतरच्या उपप्रश्नांत. ‘अंशतः म्हणजे नेमकं किती?’ असं विचारायला घरी अभ्यास केलेला माणूस लागतो. तसे थोडे.

भाषणाचा मसुदा सदस्यांकडे तपासायला जातो. शब्द चुकला असेल तर दुरुस्त करावा, इतकाच अधिकार. एका सन्माननीय सदस्यांनी सभागृहात न उच्चारलेला अख्खा परिच्छेद लाल शाईने समासात लिहून पाठवला, मंत्र्यांना चांगलंच फैलावर घेतलेला. मी तो घेतला नाही. ‘बाई, बोलायचंच होतं, घंटी वाजली,’ म्हणाले. घंटी वाजली होती, हे खरं. तरीही नाही घेतला.

सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख ऊर्फ आबासाहेब बोलायला उभे राहिले की हात निवांत चालायचा. आबासाहेब शेतकरी कामगार पक्षाचे. 1962 साली पहिल्यांदा निवडून आले, 2014 साली अकराव्यांदा. मधे 1972 आणि 1995 ला हरलेही. 1978 आणि 1999 च्या सरकारांत मंत्री होते, बाकी बहुतेक काळ विरोधी बाकांवर. सांगोला, आटपाडी, जत हा सगळा पावसाने टाकलेला पट्टा. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर 1993 पासून तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरवणारे हेच. टेंभू सिंचन योजनेचं पाणी, रोजगार हमी, सूतगिरण्या, विषय तेच तेच. शेजारचे जांभया द्यायचे. पण वाक्य पूर्ण असायचं, आकडा असायचा, आणि आम्हाला कंसाची गरज पडायची नाही. एसटीने फिरणारा आमदार म्हणून त्यांचं कौतुक फार झालं. मला त्यापेक्षा ही वाक्यं मोठी वाटतात. साधेपणाचा फोटो निघतो, उपप्रश्नाचा निघत नाही.

अशा कामाला मतं मिळतात का? 2019 ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि 768 मतांनी पडले. जुलै 2021 मध्ये आबासाहेब गेले. 2024 ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख सांगोल्यातून निवडून आले. मी तोवर निवृत्त झाले होते, नाहीतर त्यांच्या पहिल्या भाषणाला पाळी मागून घेतली असती.