विषाची परीक्षा

माझ्या अज्ञानाचा आजवर कुणालाही त्रास झालेला नाही. त्रास होतो तो मी काही वाचलं की. रक्तदाबावरचा एक लेख वाचला तेव्हा घरातली लोणच्याची बरणी महिनाभर माळ्यावर होती. यंदा मी 'गोबी' या माशावर वाचलं आणि उरणला, सासुरवाडीत, भरल्या पानावर अडून बसलो.

गोबी म्हटल्यावर मला आधी वरच्या मजल्यावरच्या पंजाबी बिऱ्हाडातले पराठे आठवले. पण ही गोबी भाजीवालीकडची नव्हे. हा माशांचा एक अफाट गोतावळा आहे. जाती दोन हजारांच्या घरात. बहुतेक मंडळी बोटभर लांबीची. अनेकांचे पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटी झालेली असते आणि तिच्या जोरावर ते खडकाला चिकटून राहतात. इथपर्यंत मला हे कुळ आवडलं. मीही कचेरीत एकाच खुर्चीला एकतीस वर्षं चिकटून होतो, तेही अशा वाटीशिवाय.

तिसऱ्या पानावर विष निघालं. नाव टेट्रोडोटॉक्सिन. पफर नावाच्या फुगणाऱ्या माशातल्या विषाला १९०९ साली ताहारा या जपानी शास्त्रज्ञानं हे नाव दिलं. आणि १९७३ साली नोगुची आणि हाशिमोतो यांनी तेच विष एका गोबीतून वेगळं काढून दाखवलं. त्याचं काम मोठं बिनबोभाट चालतं. आपल्या नसांतून निरोप जातो तो सोडियमच्या भरवशावर. नसेच्या भिंतीत बारीक दारं असतात. ती उघडली की सोडियम आत घुसतं आणि निरोप पुढे सरकतो. हे विष त्या दारात बूच बसावं तसं बसतं. मग आधी ओठांना मुंग्या, मग जिभेला, मग हातपाय लुळे आणि शेवटी श्वासाचे स्नायू बंद. उतारा नाही. विषाचा अंमल ओसरेपर्यंत यंत्रानं श्वास चालू ठेवायचा, एवढंच हातात. शिजवल्यानं ते जात नाही. बरं, मासा ते स्वतः तयार करतो असंही नाही. मूळ कारागीर बॅक्टेरिया, मासा नुसता साठेबाज!

एवढी विद्या डोक्यात घेऊन मी पानावर बसलो, आणि सासूबाईंनी निवट्यांचं कालवण वाढलं. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारा मासा. म्हणजे गोबीच!

"मला नको," मी म्हणालो. "विषाची परीक्षा कशाला घ्या?"

हे वाक्य तोंडातून जायला नको होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पळी तशीच पातेल्यात ठेवून त्या आत गेल्या. मग सौभाग्यवतीनं, दात न उघडता, मला ऐकवलं की नाना गेल्यापासून दोन वर्षं या घरात निवट्या शिजल्या नव्हत्या. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून, बिळात कोपरापर्यंत हात घालून नाना त्या आणायचे. आज आईनं दुखऱ्या गुडघ्यांनी बाजार गाठला होता. जावई आला म्हणून.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. निवटीला घेते तसं.

मेहुण्याचा राजू प्राणिशास्त्र शिकतो. त्यानं माझी बाजू घ्यायची सोडून मुद्दा घेतला. "आतोबा, ती विषारी गोबी निराळी. निवटीत ते विष असतं तर उरणचं कुणी उरलं असतं का?" मग तो निवटीवर बोलत सुटला. कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी भरून ती चिखलावर येते, पुढच्या परांवर चालते, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. डोळे सुकू लागले की खोबणीत ओढून ओले करून आणते. तिच्या बिळातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच, आणि अंडी तर तिथेच असतात. मग ही जात तोंडात हवा भरून बिळात नेऊन सोडते, घासाघासानं; १९९८ साली शास्त्रज्ञांनी हे जगाला दाखवलं. जपानमधल्या एका जातीत तर हे काम बाप करतो. अंड्यांची वेळ भरली की रात्रीच्या भरतीला तोच ती हवा काढून टाकतो, बिळात पाणी भरतं आणि पिल्लं बाहेर पडतात.

सासूबाई केव्हा दाराशी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. "बाप वाहतो हवा?" त्यांनी विचारलं.

"हो, आजी."

"यांना ठाऊक असतं तर पकडली नसती एकही," त्या म्हणाल्या. थोडं थांबून स्वतःच म्हणाल्या, "छे! पकडली असती. चार पोरं होती घरात."

मी ताट पुढे केलं. त्यांनी वाढलं. पहिला घास उतरला, दुसरा उतरला आणि तिसऱ्याला माझ्या ओठांना मुंग्या आल्या. मग जिभेला. नसांच्या दारांना एकेक बूच बसताना मला स्पष्ट दिसू लागलं. कपाळावर घाम आला.

"राजू," मी कसाबसा म्हणालो, "ओठ बधिर झालेत रे."

"आतोबा, तो आजीचा मसाला आहे. पाणी प्या."

दोन वर्षांनी सासूबाई मोठ्यानं हसल्या, असं सौभाग्यवती नंतर म्हणाली. मी पाणी प्यालो, नाक पुसलं आणि आणखी दोन निवट्या मागून घेतल्या.

निघताना सासूबाई फाटकापर्यंत आल्या. "जावईबापू, पुढच्या अमावास्येला या. ओहोटी मोठी असते तेव्हा. निवट्या जास्त मिळतात," त्या म्हणाल्या. "आणि येताना काही वाचून येऊ नका."