आधी त्याचं काम विचारा

लग्नाला तीन-चार वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की तपासण्या सुरू होतात त्या बाईच्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, कधी थेट दुर्बीण. एवढं झाल्यावर कुणाला तरी नवऱ्याची आठवण होते आणि तो आमच्या लॅबमध्ये येतो. कोल्हापुरात वीर्यतपासणीचं काम करताना मी हे वर्षानुवर्षं पाहत आलेय आणि दर वेळी मला तितकाच राग येतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. शिवाय त्याची पहिली तपासणी स्वस्त, आणि तिला सुई लागत नाही की भूल.

शिरोलीच्या एका फाउंड्रीतला तिशीतला कामगार असाच उशिरा आला. बरोबर बायको, तिच्या हातात जाडजूड फाईल. त्याच्या हातात काहीच नव्हतं. नमुना सदतीस अंशांवर ठेवला, पातळ झाल्यावर त्याचा एक थेंब काचेवर घेतला. निरोगी नमुन्यात शुक्राणू सरळ पोहत नजरेच्या टप्प्याबाहेर निघून जातात. याचे बरेचसे जागच्या जागी थरथरत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेप्रमाणे मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख ही खालची पातळी. त्याचा आकडा तिच्या निम्म्यावरही नव्हता.

"काम काय करता?" मी विचारलं.

"भट्टीवर असतोय मॅडम. का?"

वृषणं शरीराबाहेर असतात ती उगाच नव्हे. शुक्राणू नीट तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. भट्टीपुढे आठ-आठ तास उभं राहणाऱ्याला ते कुठून मिळणार? शुक्राणू घडायला साधारण सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात, पुढे बाहेर पडण्याजोगे व्हायला आणखी काही. म्हणजे आजच्या थेंबात गेल्या तीनेक महिन्यांचा हिशेब असतो. मध्ये डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल, तर तोही त्यात दिसू शकतो.

कामाचा आणि अपत्याचा संबंध कामगारांनीच उघड केल्याचं उदाहरण जगापुढे आहे. कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथल्या कीटकनाशक कारखान्यात, आपल्या खात्यातल्या कुणालाच मुलं होत नाहीत, हे तिथल्या माणसांच्या आपापसातल्या बोलण्यातून लक्षात आलं. १९७७ साली तपासण्या झाल्या. अनेकांच्या वीर्यात शुक्राणू फार कमी होते, काहींत एकही नव्हता. कारण निघालं डीबीसीपी, पिकांच्या मुळांवरचे सूत्रकृमी मारणारं रसायन. १९७९मध्ये अमेरिकेत त्याचा जवळजवळ सगळा वापर थांबवण्यात आला. प्रत्येक औषध असं नसतं, हे खरं. तरीही तासगावकडचा द्राक्षबागायतदार आला की फवारणी कोण करतं, अंगावर काय घालून करतं, हे मी विचारतेच.

जगभरच्या नमुन्यांचा एक मोठा आढावा २०२२मध्ये आला. १९७३ ते २०१८ या काळात शुक्राणूंचं सरासरी प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचं त्यात मांडलंय. त्याच्या पद्धतीवर आणि कारणांवर शास्त्रज्ञांत वाद आहेत. तंबाखू, दारू आणि लठ्ठपणा मात्र रोज माझ्यासमोर बसलेले असतात.

सगळ्यात जीव तुटतो तो जिमवाल्या पोरांसाठी. दंड भरलेले, छाती रुंद, आणि काचेवर एकही शुक्राणू नाही. पिळदार अंगासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतलेली असतात. बाहेरून एवढं हार्मोन आलं की मेंदू वृषणांना निरोप धाडायचं थांबवतो आणि तिथलं काम बंद पडतं. इंजेक्शनं सोडल्यावर बहुतेकांचं पूर्वपदावर येतं, पण महिने जातात, कुणाला वर्षाहून जास्त. पुरुषपण वाढवायचं म्हणून विकलं जाणारं औषध हे करतं, हे जिमच्या दारावर लिहून लावायला हवं.

फाउंड्रीतल्या त्या माणसाला डॉक्टरांनी आधी नीट तपासलं. वृषणातल्या शिरा फुगल्या नव्हत्या. तंबाखू सोडायला सांगितलं. सुपरवायझरने त्याला मशीनशॉपला टाकलं. तीन महिन्यांनी पुन्हा नमुना घेतला, तेव्हा आकडा खालच्या पातळीच्या वर गेला होता, पोहणारेही वाढले होते. तंबाखू सुटल्याने की भट्टी सुटल्याने, हे सांगता येणार नाही. एकाच माणसाचे दोन नमुनेही सारखे नसतात. पण डॉक्टरांनी बायकोची दुर्बिणीची ठरलेली तारीख पुढे ढकलली आणि तिच्या फाईलमध्ये पहिल्यांदाच त्याचे दोन्ही रिपोर्ट लागले.