टिकाऊ चाक

‘टिकाऊ’ हा आम्हा मध्यमवर्गीयांचा मोठा लाडका शब्द. सुंदर, नाजूक, झोकदार ही विशेषणं आम्ही दुसऱ्यांच्या वस्तूंसाठी राखून ठेवतो. आपल्या पैशानं घ्यायच्या वस्तूला मात्र एकच प्रश्न विचारतो : “टिकेल ना?” पातेल्याचं बूड जाड आहे की नाही हे टिचकी मारून पाहायचं, ट्रंकेचा पत्रा दाबून पाहायचा, ही आमची पारख. जाड ते टिकाऊ आणि जड ते मजबूत. तांब्याच्या बंबाच्या किंवा पाट्या-वरवंट्याच्या बाबतीत ही कसोटी कधी खोटी ठरली नाही. सायकलीच्या चाकापुढं मात्र ती साफ लंगडी पडते.

हे ज्ञान मला पुतणीच्या सायकलीमुळं झालं. ही सायकल म्हणजे दांडीवर धाकट्या भावंडाला बसवून नेणारी आमची जुनी काळी सायकल नव्हे. बारीक टायरांची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची ही रोड बाईक. एखाद्या रविवारी पहाटे पुतणी पुण्याहून निघते, वाईला चहा घेते, पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठते आणि रात्रीच्या जेवणाला घरी हजर होते. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर! तिच्या घाट चढण्याची आम्हांला काळजी नाही. काळजी असते ती उतरण्याची.

पावसाळा संपल्यावर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं तिच्या रिमच्या कडेवरून नख फिरवलं आणि मान हलवली. कडा आत खोल गेल्या होत्या. या सायकलीत ब्रेकचं रबर अॅल्युमिनियमच्या रिमलाच घासतं. पावसात मधे वाळूचे कण अडकले की त्या रबराची कानस होते आणि दर वेळी ती थोडीथोडी रिम खाते. पुष्कळ रिमांवर एक बारीक खाच किंवा ठिपका कोरलेला असतो. तो दिसेनासा झाला की रिमचं आयुष्य संपलं असं समजायचं. पातळ झालेल्या कडेला आतून टायरमधली हवा ढकलत असते, बाहेरून ब्रेक दाबत असतो. ती फुटलीच तर घाटात, उतारावर फुटायची.

दादानं हे ऐकलं आणि फर्मान काढलं, “चाकं तरी बदला, नाही तर पाचगणी बंद!”

तेव्हा आम्ही चाकं पाहायला निघालो. एका मोठ्या दुकानात काचेआड चाकं टांगली होती. उंच काठाच्या काळ्याभोर रिमा, आणि स्पोक मोजून वीस! शर्यतीत वाऱ्याला चिरत जायला अशी चाकं उत्तमच. माझं मन त्यांच्यावर जडलं होतं. पण पुतणीनं विचारलं, “यातला एक स्पोक तुटला, तर वाईत मिळेल?” उत्तर आलं, “मागवून घ्यावा लागेल.” तिनं माझ्याकडं पाहिलं. आम्ही आभार मानून बाहेर पडलो.

वीस स्पोकांत वाईट काय, हे कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं समजावून दिलं. सायकलीचं चाक बैलगाडीच्या चाकासारखं नसतं. गाडीचे आरे खांबासारखे भार पेलतात. सायकलीचे स्पोक मात्र ताणलेले असतात. पुढच्या चाकात एकेका स्पोकवर साधारण शंभर किलोचा ताण असतो, म्हणजे बत्तीस स्पोकांचा मिळून तीन टनांहून अधिक! माणूस सायकलीवर बसला की जमिनीलगतच्या स्पोकांचा ताण थोडा उतरतो आणि चाक फिरलं की पुन्हा चढतो. चाक एका फेऱ्यात सुमारे दोन मीटर दहा सेंटिमीटर जातं. पाचगणीची एक वारी म्हणजे प्रत्येक स्पोकला जवळजवळ पंचाण्णव हजार वेळा ढील आणि ताण! तार वारंवार वाकवली की तुटते, तसाच स्पोकही पुढंमागं हबपाशी, वाकड्या मानेत तुटतो. स्पोक जास्त असले की हे ओझं अधिक जणांत वाटलं जातं. वीसातला एक गेला तर रिम एका बाजूला ओढली जाऊन ब्रेकला घासू लागते; बत्तिसातला एक गेला तर बाकीचे त्याचं काम वाटून घेतात.

स्पोक हबमधून सरळ न काढता तिरपे नेऊन एकमेकांना ओलांडत विणायचे, ही युक्तीही जुनी आहे. इंग्लंडातल्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ साली तिचं पेटंट घेतलं. फ्रान्समधली पॅरिस–रूबे ही शर्यत १८९६ पासून खडबडीत दगडी रस्त्यांवरून जाते. तिथले कसलेले शर्यतवीरसुद्धा अनेक वर्षं हातानं विणलेल्या बत्तीस स्पोकांच्या साध्या अॅल्युमिनियमच्या चाकांवर विसंबत. आणि आपल्या जुन्या काळ्या सायकलीला पुढं बत्तीस आणि मागं चाळीस स्पोक असत. मागं जास्त, कारण माणसाचा बहुतेक भार मागच्या चाकावर, शिवाय पायडलचा जोरही त्यालाच. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यानं दुधाच्या बरण्या, गॅसचे सिलिंडर आणि कॅरियरवरची अख्खी संसारं याच चाकांवर वाहून नेली.

शेवटी ठरलं ते असं. दुहेरी भिंतीची अॅल्युमिनियमची रिम, बत्तीस स्पोक, तेही न गंजणाऱ्या पोलादाचे, मानेच्या साध्या वाकड्या घडणीचे, कुठल्याही गावी मिळतील असे. निपल पितळी. हब छर्ऱ्यांचा, म्हणजे उघडून, पुसून, ग्रीस घालून पुन्हा बसवता येतो. मापंही नीट पाहिली : रिम ६२२ मिलिमीटरची, हबची रुंदी पुढं १०० आणि मागं १३०, मागची दातेरी चक्रं बसतील असा हब. यातलं एक चुकलं तर चाक कितीही भक्कम असो, ते भिंतीवरच टांगायचं.

दादा स्वतः दुकानात आला. त्यानं जुन्या सवयीनं रिमवर टिचकी मारली आणि विचारलं, “हे तुटणार नाही ना?”

“साहेब,” सायकलवाला म्हणाला, “तुटणारच नाही असं चाक मी देऊ शकत नाही. कुणी देतो म्हणाला तर त्याच्याकडून घेऊ नका. माझ्या चाकाचं काही तुटलं, तरी पोरगी घरी येईल.”

दादा बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानं खिशातून पाकीट काढलं.

त्या माणसानं दोन संध्याकाळ बसून चाकं विणली. दोन-दोन स्पोक मुठीत धरून दाबायचे, त्यांचा आवाज ऐकायचा, चाक फिरवून आऊट काढायचा, पुन्हा दाबायचं. नव्या स्पोकांची बसकण होऊ द्यावी लागते, म्हणून थोडे दिवस चालवून चाकं परत दाखवायची ताकीदही मिळाली. पुतणीनं ती पाळली. पसरणीच्या उतारावर आता ती ब्रेक दाबते तेव्हा रबराखाली जाड कड असते.

तिच्या सायकलीच्या दांड्याला जादा स्पोक चिकटपट्टीनं बांधलेले आहेत. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या लांबीचे लागतात, म्हणून दोन. तिसरा पुढच्या चाकाचा. ते बांधताना दादानं स्वतः सायकल धरून ठेवली होती.