रस्ता कुणाच्या बापाचा

माझा बाप मुंबईला चालत आला असं आय सांगते. ते खरं नाही. १९७२ च्या दुष्काळात तो मसूरच्या स्टेशनात गाडीत बसला, विनातिकीट, आणि दादरला उतरला. तिथून पुढं मात्र तो मरेपर्यंत चालला. म्हणजे आय अगदीच खोटं बोलत नाही.

मसूर म्हटलं की आपल्या माणसाला दुसरंच आठवतं. १९०१ साल. भीमराव नावाचं नऊ-दहा वर्षांचं पोर, त्याचा भाऊ आणि बहिणीची पोरं याच स्टेशनात उतरली. वडलांकडं निघालेली, चांगले कपडे घातलेली. स्टेशनमास्तरनं जात विचारली आणि पोरांनी खरी सांगितली. मग एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक झाला, त्यानं भाडं दुप्पट घेतलं. गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं पायी चालणार. बाटायचं नाही, पण पैसा चालतो!

पुढं १९२९ साली चाळीसगावला तेच. आता तेच पोर बॅरिस्टर झालेलं, मुंबई कौन्सिलात बसणारं. टांगेवाला त्याला हाकायला तयार नाही. मग वस्तीतल्याच कुणीतरी लगाम धरला. त्यानं जन्मात टांगा हाकलेला नव्हता. मोरीवर टांगा उधळला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि पाय मोडला. वाहतुकीचं धोरण म्हणतात ते हे. सरकारी कागदावर छापलेलं नव्हतं, पण गावोगाव पाळलं जात होतं.

मुंबईच्या लोकलनं हे मोडलं, हे मान्य करायलाच पाहिजे. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं कोंबलेली असतात. रेल्वेवाल्यांनी त्याला इंग्रजी नावही ठेवलंय, 'सुपर डेन्स क्रश लोड'. त्या चेंगराचेंगरीत विटाळ पाळायला जागा कुठाय? जोशाचा घाम कांबळ्याच्या मानेवर. बाप म्हणायचा, चवदार तळ्यानंतर आपल्याला बरोबरीनं मिळालेली ही दुसरी जागा. आणि मरणही बरोबरीचं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडून मेली. एरवीही मुंबईच्या रुळांवर वर्षाला दोन हजारांवर माणसं मरतात. त्यातली किती आपली, ते कुणी मोजत नाही.

पण जात अशी हार मानत नाही. दारातून हाकलली तर खिडकीतून येते. आता ती अंतर होऊन आली.

आमची झोपडी रुळाला लागून होती. गाडी गेली की भांडी वाजायची. रूळ वाढवायचे म्हणून आम्हांला उठवलं आणि लांब एका सातमजली इमारतीत खोली दिली. खोली पक्की. संडास आत आला, नळ आला. आयला पहिले दोन दिवस दार लावून बसायला फार बरं वाटलं. ते मी नाकारत नाही, नाकारणारे पुढारी स्वतः कधी रुळाकडेला हागायला बसलेले नसतात. पण कामं मागंच राहिली. आय कंत्राटावर झाडू मारायची. पूर्वी उठून दहा मिनिटांत हजेरीला पोचायची. आता पहाटे साडेतीनला उठायचं आणि अंधारात तासभर चालायचं. शेजारच्या बाया ज्या घरांत भांडी घासायच्या, ती घरं सुटली. लोकांची गाडी वेळेवर धावावी म्हणून ज्यांना उठवलं, त्यांनाच गाडीपासून लांब नेऊन टाकलं. महारवाडा गावाबाहेर होता. इथं गावच पुढं सरकतं आणि आपण तिथंच बाहेर.

२०१७ नंतर तानसा जलवाहिनीकडेची कुटुंबं माहुलला नेली, रिफायनऱ्यांच्या कुशीत. तिथल्या हवेचं प्रकरण हायकोर्टात गेलं. ते जायलाच पाहिजे होतं. पण त्या बायांना नाकात वास शिरायच्या आधीच प्रश्न पडला असणार, कामावर जायचं कसं?

आता शहाण्यांच्या कागदाकडं बघू. २००६ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण काढलं. रस्ता मोटारींना नव्हे, माणसांना वाटून द्या, असा त्याचा मथितार्थ. वाचून मला भरून आलं. मग मुंबईत काय झालं बघा. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली आणि १९६५ ला केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल आला. गरिबाचं वाहन गेलं आणि मोटारीचा पूल आला. तेव्हापासून हाच क्रम. नव्वदीत पुलांचा पाऊस पडला. २००९ ला सागरी सेतू झाला. २०२४ ला कोस्टल रोडचा पहिला टप्पा उघडला, तेरा हजार कोटींच्या वरचा. त्यावर मोटारसायकल नाही, रिक्षा नाही. बाजूला समुद्राकाठी फिरायला प्रोमेनाड आहे. फिरायला बरं का, कामावर जायला नाही.

आणि बस? 'बेस्ट'कडं एकेकाळी चार हजारांवर गाड्या होत्या. २०२५ ला तीन हजारही उरल्या नव्हत्या, आणि त्यातल्याही बहुतेक ठेकेदारांच्या. २०१९ ला कमीत कमी तिकीट पाच रुपये केलं तेव्हा बसला पुन्हा माणसं लागली. मे २०२५ ला तेच दहा झालं. मोटारवाल्याला पाच रुपये म्हणजे काय? पण जाऊन-येऊन दहा, महिन्याचे अडीचशे, म्हणजे पोराच्या वह्या. मग बाई जाताना चालते आणि येताना, अंगात काही उरलेलं नसतं म्हणून, बसनं येते. हिशेब तिचा पक्का असतो. धोरणवाल्यांनी तिच्याकडं शिकवणी लावावी.

या शहरात कुठल्याही वाहनापेक्षा पायानं जाणारे जास्त आहेत. आणि पायाला मिळतो काय, तर फुटपाथ. तोही सलग नाही. मध्ये विजेचा डबा, पुढं कुणाच्या तरी दुकानाची पायरी, मग खणलेला खड्डा, मग कुणा साहेबाची उभी केलेली गाडी. २००८ पासून मुंबईत स्कायवॉक नावाचे पूल बांधले. चालणाऱ्याची सोय म्हणे. मला तरी ती मोटारीची सोय वाटते, खालचा रस्ता तिला मोकळा आणि चालणाऱ्यानं उचलून स्वतःला वर न्यायचं.

आमच्या नाक्यावर असाच एक पूल आहे. पायऱ्या मोजून अठ्ठेचाळीस. आयचे गुडघे पन्नास वर्षांच्या झाडूनं आणि चालण्यानं गेलेत. तिला दवाखान्यात जायचं असतं रस्त्याच्या पलीकडं. मी म्हणतो, आय, पुलावरनं जाऊ, मी धरतो. ती म्हणते, "लेका, वर चढून परत खालीच यायचं हाय, मग चढू कशापायी? रस्ता तर हितंच हाय. म्याच झाडलाय त्यो."

आणि ती उतरते रस्त्यात. एक हात वर करते, पोलिसासारखा. मोटारी करकचून थांबतात, भोंगे वाजतात, काचा खाली करून माणसं शिव्या देतात. ती वळून बघत नाही. मध्यावर दुभाजकापाशी ती टेकते, दम घेते, पदरानं तोंड पुसते. नाक्यावरचा पोलीस शिटी फुंकत येतो, तिच्याच अंगावर. मोटारींना तो हातानं खूण करतो, जा, तुम्ही जा.

आय म्हणते, "थांब जरा, बाबा. अजून अर्धा ऱ्हायलाय."