जुन्या गाडीचा नवा अभ्यास

जुनं घर विकत घेतलं तर आधी कौलं चाळावीत, की भिंतींना रंग द्यावा? पाऊस तोंडावर आला असेल तर आधी कौलंच, असं तुम्ही चटकन सांगाल. जुन्या गाडीचंही अगदी तसंच असतं, बरं का! पण गाडी दारात उभी राहिली की भल्याभल्यांना आधी रंगच आठवतो.

यंदाच्या मार्चमध्ये आम्ही एक जुनी बोलेरो घेतली. २०१४ ची, डिझेलवर चालणारी. आम्ही राहतो वाईला आणि माझी शाळा आहे पसरणी घाट चढून गेल्यावर, वरच्या एका वाडीत. शिवाय सासूबाईंना दर पंधरवड्याला साताऱ्याला दवाखान्यात न्यावं लागतं. पावसाळ्यात घाटात धुकं असं दाटतं की चार हातांवरचं दिसत नाही. गाडी हवीच होती, पण नवी परवडणारी नव्हती. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर केली, विमा उतरवला. मग हाताशी उरले चाळीस हजार रुपये. ते दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले.

सातवीतला आमचा ओंकार लगेच वही घेऊन बसला. मोठ्या पडद्याची म्युझिक सिस्टिम, चकचकीत अलॉय चाकं, पुढे लोखंडी गार्ड आणि छपरावर चार झगझगीत दिवे! "आई, मग बघ आपली गाडी कशी दिसते ते!"

ती यादी घेऊनच आम्ही गॅरेजात गेलो. मिस्त्रीकाकांनी ती वाचली, पण ते हसले नाहीत. त्यांनी ओंकारला चाकाजवळ उकिडवं बसवलं आणि म्हणाले, "आरं, ते लांबट गोलातलं शेवटचं चार आकडं वाच की."

"दोन, दोन, एक, सात."

"आता त्याचं दोन-दोन आकडं वेगळं कर. पहिलं दोन म्हणजे आठवडा, पुढचं दोन म्हणजे साल."

ओंकारनं बोटं मोजली. बाविसावा आठवडा, २०१७. म्हणजे मे-जूनच्या सुमाराला तयार झालेला टायर! वरून नक्षी बऱ्यापैकी दिसत होती, पण कडेला बारीक बारीक भेगा पडल्या होत्या. मुलांनो, रबर नुसतं झिजत नाही, ते म्हातारंही होतं. ऊन, उष्णता आणि हवा यांनी ते कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड सुटते. टायरच्या खाचा शोभेसाठी नसतात. चाकाखालचं पाणी बाहेर ढकलणं हे त्यांचं काम. खाचांच्या तळाशी लहान लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की खोली उरली फक्त १.६ मिलिमीटर. मग टायर बदलायलाच हवा.

नंतर काकांनी ब्रेक ऑइलची डबी उघडून दाखवली. आतलं ऑइल काळपट झालं होतं. हे ऑइल हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेतं. आपल्याकडे सर्रास वापरतात ते डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पुरेसं पाणी शिरलं की ते १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतं. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की तो तापतो. ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पायाखालचा ब्रेक मऊ पडतो आणि गाडी थांबत नाही! म्हणून दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलावं. आणि जुनी माणसं सांगतात तेही खरं आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये उतरावा. म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतं.

आता आमचा जमाखर्च पाहा. स्टेपनी धरून पाच टायर २९,५०० रुपये. ब्रेकचं काम ४,२००. इंजिन ऑइल, फिल्टर आणि कूलंट ४,३००. उरलेल्या दोन हजारांत वायपर, दिव्यांचे बल्ब आणि प्रथमोपचाराची पेटी. झाले चाळीस हजार! मधल्या सीटचे पट्टे सीटखाली धुळीत दडले होते. ते काढून, धुऊन जागेवर आणले. त्याला मात्र एक पैसाही लागला नाही.

ओंकार दोन दिवस फुगून बसला होता. "एवढे पैसे गेले आणि गाडी दिसते तशीच!" त्याचंही खरंच होतं. गार्डचं मात्र त्याला लगेच पटलं. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्र सरकारनं असे गार्ड लावण्याविरुद्ध कारवाई करा, असं राज्यांना कळवलं होतं. पायी चालणाऱ्याला धक्का बसला तर त्या लोखंडानं इजा जास्त होते.

जुलैत एका सकाळी आम्ही घाट उतरत होतो. सासूबाई मधल्या सीटवर पट्टा बांधून बसल्या होत्या. समोर नुसतं पांढरं धुकं. एका वळणावर रस्त्यात भलामोठा दगड येऊन पडलेला! गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी सावकाश चालली होती. मी ब्रेक दाबला. गाडी जराही न घसरता सरळ उभी राहिली. दगड दोन हात पुढे होता. कुणी काही बोललं नाही. मग मागून सासूबाई म्हणाल्या, "टायर चांगले घेतलेस हो, सूनबाई."

आता ओंकारनं गाडीची एक वही केली आहे. टाकी भरली की तो किलोमीटरचा आकडा लिहून ठेवतो. परवा दोन टाक्यांच्या मध्ये ४८६ किलोमीटर झाले आणि टाकी पुन्हा भरायला ३६ लिटर डिझेल लागलं. मग गाडीनं लिटरला किती किलोमीटर दिले? हे गणित मी आमच्या पाचवीलाही घातलं होतं. तुम्हीही करून पाहा.

आणि आज संध्याकाळी घरच्या गाडीजवळ जा. ती मोटार असो की स्कूटर. टायरवरचे ते चार आकडे वाचा आणि आई-बाबांना टायरचं वय सांगा. म्युझिक सिस्टिमचा हट्ट नंतर धरा हं!