पुढची चाके

राहुरीच्या काळ्या जमिनीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीचे महत्त्व सांगावे लागत नाही. पावसाळ्यात पाणंदीने वस्तीवर जायचे तर पायताण हातात घ्यावे लागते. चिखल मडगार्डात असा घट्ट बसतो की चाकच फिरेनासे होते. तरी आम्ही उभयतांनी निवृत्तीनंतर तशी गाडी शोधली ती चिखलासाठी नव्हे. रस्त्याने देश पाहावा, वाटेतल्या लहान धर्मग्रामांत उतरावे, गोव्याहून पुढे वेलांकण्णीपर्यंत जावे, अशी जुनी हौस होती. आणि त्या हौसेमागे थोरले दादा होते.

दादांनी उणीपुरी तीस वर्षे मिशनची जीप चालविली. १९७४च्या डिसेंबरात, विशीतले असताना, फादरांना व सिस्टरांना घेऊन ते जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला गेले होते. हे दर्शन साधारण दर दहा वर्षांनी घडते. २०२४ सालचा सोहळा २१ नोव्हेंबरला सुरू होऊन ५ जानेवारीला संपणार होता. मधुमेहाने दादांची दृष्टी उतरत चालली होती. पुढचा सोहळा २०३४च्या सुमारास. हा हिशेब घरात कोणी मोठ्याने केला नाही.

पहिली गाडी आम्हांला नगर रस्त्यावर दिसली. रंग ताजा, टायर नवे, टपावर सामानाची जाळी. आमच्या मनात ती तेव्हाच आंबोली घाट उतरू लागली होती. दादांनी मात्र दार उघडण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवला.

"गरम करून ठेवलीय. उद्या सकाळी येऊ. तोवर कोणी चालू करायची नाही."

थंड डिझेल इंजिन चालू होताना बरेच काही सांगून जाते. गरम इंजिन तेच झाकून ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा डोळे मिटून गाडीच्या तोंडाशी उभे राहिले आणि धुराचा रंग आम्हांला विचारू लागले. काळा असेल तर नोझल किंवा हवेची जाळी पाहायची. निळा म्हणजे इंजिन ऑइल पिते. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर पाण्याची शंका घ्यायची. धूर किंचित निळसर होता. मग ऑइल भरायचे झाकण काढायला लावले. आतून आगगाडीसारखे भपकारे येत होते. "रिंगा गेल्यात," दादा म्हणाले. विकणाऱ्याने लगेच वीस हजार उतरविले, आणि आमचे मन पुन्हा डळमळले.

खरा घोटाळा खाली होता. चालकाच्या बाजूला फोर-व्हीलचा दांडा होता, तो पुढेमागे पडतही होता. पण मिस्त्री गाडीखाली आडवा झाला आणि हसत बाहेर आला. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच कोणीतरी काढून टाकला होता! डिझेल वाचते म्हणून किंवा दुरुस्तीचा खर्च नको म्हणून असे करणारे मालक आहेत, असे मिस्त्री म्हणाला. दांडा तेवढा शोभेला राहतो. विकणारा म्हणाला, "मलाही मिळाली तेव्हा अशीच होती." ते खरेही असेल. पण आम्ही ओढून पाहिले नसते, तर पुढच्या गिऱ्हाइकाला आम्हीही तेच वाक्य ऐकविले असते की काय, हा प्रश्न परतताना आमच्यापैकी एकाने विचारला आणि दुसऱ्याने त्याला उत्तर दिले नाही.

या शोधात तीन आठवडे गेले. सोहळा सुरूही झाला होता. "रेल्वेने जाऊ या," असे आम्ही दादांना सुचविले. ते काहीच बोलले नाहीत. जेवण मात्र अर्धे टाकून उठले.

१९०३ साली इथल्याच केंदळला फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' सुरू केला. तेच पुढे पुण्याचे बिशप झाले आणि नंतर हिरोशिमापर्यंत गेले. केंदळच्या मातीत चालायला शिकलेल्या माणसाला पुढचा कोणताच रस्ता कठीण वाटला नसावा, असे आम्हांला उगाच वाटते. आपल्याकडे जीप आली ती फार नंतर. महिंद्र कंपनीने १९४७पासून विलिस जीप मुंबईत जुळवायला घेतली, त्यानंतर.

शेवटी मिळाली ती २०१२ सालची, नाशिकला बनलेली बोलेरो, श्रीरामपूरचीच एमएच १७ नोंदणीची. त्यामुळे दुसऱ्या कार्यालयाच्या ना-हरकतीचे खेटे वाचले. नोंदणीची पंधरा वर्षे संपायला अजून अवकाश होता. पुस्तकावर बँकेचा बोजा नव्हता. चॅसीचा नंबर आम्ही रॉकेलच्या बोळ्याने पुसून अक्षर अक्षर ताडून पाहिला. पाटे थोडे बसलेले, आसने फाटलेली. दादांनी ती नांगरलेल्या रानात नेऊन चालवून पाहायला लावली. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून वळण घेऊ नये, कारण वळताना पुढची व मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत आणि ताण शाफ्टवर येतो. मऊ मातीत चाक थोडे घसरते, ताण सुटतो. ढेकळांत गाडी क्षणभर अडली, दांडा पडला, आणि पुढच्या चाकांनी माती धरली. बांधावर उभ्या असलेल्या दादांना ते दिसले नसेल. त्यांनी आवाजावरून मान हलविली. साडेचार लाखांत व्यवहार झाला. वेलांकण्णीसाठी ठेवलेले पैसे त्यातच गेले.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. दादा पुढे बसले होते. आंबोलीच्या उतारावर ते म्हणाले, "ब्रेकवर नको, दुसऱ्यात घे." धुके होते, रस्ता आम्हांलाही नीट दिसत नव्हता.

जुन्या गोव्यात अवशेष बॉम जीझसमधून से कॅथेड्रलमध्ये आणले होते. रांग लांब होती. काचेपाशी पोचल्यावर दादांनी हात टेकला आणि हळूच विचारले, "काय दिसतंय?" आम्ही सांगू लागलो, तोवर स्वयंसेवकाने पुढे सरकायला सांगितले. उरलेले वर्णन बाहेर, गाडीत बसून पूर्ण केले. दादांनी मध्येच थांबवून विचारले, चौऱ्याहत्तर साली होते तसेच आहे का. ते आम्हांला कसे ठाऊक असणार?